धागा: दोन लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप, टर्मिनलवरून रिमोट रेपो कसा उभा करायचा?

वारणाकाठचा, सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी आणि माझा मेहुणा मिळून दूध संकलन केंद्रांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घ्यायचं, रेटचार्टवरून दर काढायचा आणि दहा दिवसांनी बिल काढायचं, एवढंच. अकरा केंद्रांवर चालू आहे. कोड माझ्याही लॅपटॉपवर आहे, त्याच्याही आहे आणि देवाणघेवाण पेनड्राइव्हवर. फोल्डरांची नावं सांगतो म्हणजे परिस्थिती कळेल: दूध_फायनल, दूध_फायनल_खरं, दूध_फायनल_दाजी. शेवटचं मेहुण्याने बनवलेलं, दाजी म्हणजे मी.

गेल्या महिन्यात म्हशीचा नवा रेटचार्ट मी टाकला आणि चार दिवसांनी ह्याने त्याच्याकडची जुनी फाईल त्यावर चढवली, कुणाच्या लक्षातच आलं नाही. दहा दिवसांची बिलं जुन्या दराने निघाली. एका केंद्रावर सकाळी सहाला लोकं किटल्या घेऊन उभी आणि मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून बसलेलो, परत ती वेळ नको.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, थोडं येतं. इनिट, अॅड, कमिट (बदलाची नोंद) एवढं एकट्याने करतो. पण रिमोट, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचा रेपो (कोड आणि त्याचा इतिहास), म्हटलं की गाडी अडते. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे, उबुंटू २२.०४ टाकलंय, मॉनिटर नाही, एसएसएच करूनच (दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलवरून) जातो. त्यावर रेपो ठेवायचा आणि दोघांनी तिथनं घ्यायचं-द्यायचं असं जमेल का? बाहेरच्या सर्व्हरवर कोड ठेवायला मेहुणा तयार नाही. दोघांचे लॅपटॉप विंडोजचे, गिट बॅश आहे. इथे क्लिक करा तिथे क्लिक करा असलं सांगू नका, कमांडाच सांगा.

पाववडा, सोमवार, रात्री १०:५१

दूध_फायनल_खरं 😂😂 आमच्या कंपनीत पण हेच आहे, फक्त पगार जास्त आहे

काळी_खिडकी, सोमवार, रात्री ११:२०

जमेल, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा सोपं आहे. रिमोट म्हणजे काही वेगळी जात नाही हो. तुमच्या फोल्डरात जे .गिट नावाचं लपलेलं फोल्डर आहे ना, तसंच एक दुसऱ्या मशीनवर ठेवायचं आणि आपल्या रेपोला त्याचा पत्ता सांगायचा. गिटहब आणि गिटलॅब पण मुळात हेच करतात, वरती वेबसाइटचा शृंगार.

फरक एकच. तिथे कुणी बसून फाइली एडिट करणार नसतं, त्यामुळे तिथे कामाच्या फाइली उघड्या मांडायची गरज नाही, नुसता इतिहास ठेवायचा. त्याला बेअर रेपो म्हणतात. उघडा, बिनकपड्यांचा.

फोनवरून लिहितेय, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून कमांडा मराठीतच लिहिते. तुम्ही टाइप करताना इंग्रजीत करा.

डेस्कटॉपवर आधी:
सुडो एपीटी इन्स्टॉल गिट ओपनएसएसएच-सर्व्हर
सुडो अॅडयूजर गिट
मग त्या गिट नावाच्या युजरने लॉगिन करून:
गिट इनिट –बेअर दूध.गिट

झाला तुमचा सर्व्हर. खरंच एवढाच आहे.

आता तुमच्या लॅपटॉपवर, गिट बॅशमध्ये:
एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९
एसएसएच-कॉपी-आयडी गिट@१९२.१६८.१.५०

आयपी तुमच्या डेस्कटॉपचा जो असेल तो. ही दुसरी कमांड एकदाच गिट युजरचा पासवर्ड विचारेल, नंतर विचारणार नाही. पहिल्यांदा जोडताना ह्या मशीनची ओळख पटत नाही, पुढे जाऊ का असंही विचारेल, तिथे पूर्ण यस लिहायचं, नुसता वाय चालत नाही. पहिल्या कमांडने पासवर्डऐवजी चालणारी की बनते, तिच्या दोन फाइली होतात, ज्याच्या शेवटी .पब आहे ती वाटायची, दुसरी कुणालाही द्यायची नाही, मेहुण्यालाही नाही. त्याने त्याच्या लॅपटॉपवर त्याची स्वतःची बनवायची.

मग कोडच्या फोल्डरात:
गिट ब्रँच -एम मेन, ह्यातला एम कॅपिटल
गिट रिमोट अॅड ओरिजिन गिट@१९२.१६८.१.५०:दूध.गिट
गिट पुश -यू ओरिजिन मेन

ओरिजिन हे नुसतं टोपणनाव आहे, हिंदुराव ठेवलंत तरी चालेल. मेन हे ब्रँचचं, म्हणजे कमिटांच्या ओळीचं नाव, आणि पुश म्हणजे तिकडे पाठवणं. -यू एकदाच द्यायचं, त्याने लोकल मेन आणि तिकडच्या मेनची गाठ मारली जाते, पुढे नुसतं गिट पुश. पत्ता बरोबर बसला का ते गिट रिमोट -व्ही ने बघायचं.

मेहुण्याने त्याचं ते दूध_फायनल_दाजी बाजूला ठेवायचं आणि नव्या जागी गिट क्लोन करायचं, म्हणजे त्याच पत्त्यावरून अख्खी प्रत आणायची.

वारणाकाठचा, सोमवार, रात्री ११:३४

ताई लई उपकार. उद्या ऑफिसात गेल्यावर करतो. हिंदुराव ठेवायचा मोह होतोय.

नांदेडकर_एफवाय, मंगळवार, सकाळी ८:०५

धागा हायजॅक करत नाही पण माझं पण इथेच अडकलंय म्हणून विचारतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गिटहबवर रेपो बनवला, तिथे दिलेल्या ओळी जशाच्या तशा टाकल्या तर पुशला एरर येतोय: सोर्स रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी. तीनदा सगळं डिलीट करून परत केलं.

जुनं_खोड, मंगळवार, सकाळी ८:४०

बाळा, डिलीट करणं थांबव आधी. ह्या एररचं मराठी असं: तू मला मेन नावाची ब्रँच पाठवायला सांगतोयस, पण तुझ्याकडेच ती नाही. कारणं दोनच असतात. एक तर तू एकही कमिट केलेलं नाहीस, आणि पहिल्या कमिटपर्यंत ब्रँच जन्मालाच येत नाही. नाहीतर तुझ्या ब्रँचचं नाव मास्टर आहे. गिट स्टेटस मार, पहिल्या ओळीत ब्रँचचं नाव येतं आणि कमिट नसेल तर नो कमिट्स येट असं खाली लिहिलेलं असतं.

हा घोळ नव्या पोरांनाच जास्त होतो, कारण गिटहबने १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोंची मुख्य ब्रँच मेन केली आणि तुमच्या मशीनवरचं गिट सेटिंग बदललं नसेल तर अजून मास्टरच बनवतं. नाव ठरवायची सोय गिट २.२८ मध्ये आली, ते २०२० च्या जुलैचं. एकदाच करून टाक: गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल इनिट.डिफॉल्टब्रँच मेन.

नांदेडकर_एफवाय, मंगळवार, सकाळी ८:५८

काका कमिट झालंच नव्हतं!! कमिट करताना प्लीज टेल मी हू यू आर असं काहीतरी आलं होतं, मला वाटलं वॉर्निंग आहे, पुढे गेलो 🙈

पाववडा, मंगळवार, सकाळी ९:०२

गिटने नाव विचारलं आणि हा नाव न सांगता निघून गेला

जुनं_खोड, मंगळवार, सकाळी ९:१०

त्याला युजर.नेम आणि युजर.ईमेल हवं असतं, तेही गिट कॉन्फिगनेच. हे लॉगिन नाही हं, कमिटवर कुणाचं नाव छापायचं एवढंच. तू तिथे गणपतराव लिहिलंस तर गिट गणपतराव छापेल.

नांदेडकर_एफवाय, मंगळवार, सकाळी ९:३१

आता पुढची पायरी. युजरनेम पासवर्ड विचारतोय, दोन्ही बरोबर आहेत, वेबसाइटवर त्यानेच लॉगिन होतं, इथे ऑथेंटिकेशन फेल्ड.

म्युनिकवाली, मंगळवार, सकाळी ९:५५

टर्मिनलवरून गिटहबला अकाउंटचा पासवर्ड १३ ऑगस्ट २०२१ पासून चालतच नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे वेबसाइटवर सेटिंगमध्ये पर्सनल अॅक्सेस टोकन बनवायचं आणि पासवर्ड विचारेल तिथे ते पेस्ट करायचं. दुसरी वाट एसएसएच की, वर काळी_खिडकीने सांगितलीय तशीच, फक्त .पब फाइलमधला मजकूर गिटहबच्या सेटिंगमध्ये चिकटवायचा. मग एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम मारून बघायचं, इथला टी कॅपिटल. तुझं नाव घेऊन हाय म्हणेल आणि त्याच वाक्यात शेल अॅक्सेस देत नाही म्हणेल. ते बघून घाबरायचं नाही, तेच यश.

आणि रिमोटचा पत्ता एचटीटीपीएसचा टाकला असशील तर की बनवूनही पासवर्डच विचारत राहील. गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन आणि पुढे एसएसएचवाला पत्ता. माझ्या टीममधली सगळी नवीन मंडळी इथे अर्धा तास घालवतात, मी पण घालवलाय.

कॉलेजच्या वायफायवर एसएसएचचा पोर्ट २२ बंद असेल तर नुसतं लटकून राहील. त्यासाठी गिटहबने एसएसएच.गिटहब.कॉम वर ४४३ पोर्ट ठेवलाय, एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्ट आणि पोर्ट तसा लिहायचा.

विदर्भाचा_वाघ, मंगळवार, दुपारी १२:१५

एवढा खटाटोप कशाला करून राहिलेत? गिटहबचं कमांडलाइन टूल टाका, जीएच नावाचं. जीएच ऑथ लॉगिन एकदा, मग जीएच रेपो क्रिएट दूध, पुढे डॅश डॅश प्रायव्हेट, डॅश डॅश सोर्स=. आणि डॅश डॅश पुश. रेपो पण बनते, रिमोट पण लागते, पुश पण होते, लॉगिननंतर ब्राउझर उघडायचं काम नाही. प्रायव्हेट रेपो २०१९ पासून फुकटात आहे, २०२० पासून माणसं कितीही जोडा. ऑफिसात डेस्कटॉप चालू ठेवून लाईटबिल कशाला वाढवता भाऊ?

आणि गिट म्हटलं की मला आमच्या रस्त्याची गिट्टीच आठवते, तिही अशीच पसरून पडली हाय.

काळी_खिडकी, मंगळवार, दुपारी १:०२

मुद्दा बरोबर आहे वाघोबा. पण त्यांचा मेहुणा बाहेर ठेवायला तयार नाही, आणि मेहुण्याला पटवण्यापेक्षा सर्व्हर उभा करणं सोपं असतं.

वारणाकाठचा, मंगळवार, दुपारी ४:४८

ताई सगळं केलं. पुश झालं! हंड्रेड पर्सेंट, राइटिंग ऑब्जेक्ट्स, डन, सगळं आलं. पण मेहुण्याने क्लोन केलं तर फोल्डर रिकामं. एकही फाईल नाही. वॉर्निंग आलीय: रिमोट हेड रेफर्स टू नॉनएक्झिस्टंट रेफ, अनेबल टू चेकआउट. तो म्हणतोय दाजी, पेनड्राइव्हच बरा होता.

काळी_खिडकी, मंगळवार, दुपारी ५:१०

घाबरू नका, कोड तुमच्या लॅपटॉपवर अख्खा आहे, इतिहासासकट. डेस्कटॉपवर जाऊन दूध.गिट मध्ये एलएस (फाइलींची यादी) मारा, काय काय दिसतंय ते लिहा.

वारणाकाठचा, मंगळवार, दुपारी ५:१६

काहीच दिसत नाही. रिकामं.

काळी_खिडकी, मंगळवार, दुपारी ५:१८

काहीच नाही? हेड, कॉन्फिग, ऑब्जेक्ट्स, रेफ्स, हुक्स असलं काहीच नाही? लपलेलंही दिसेल असं एलएस -ए मारा बरं.

वारणाकाठचा, मंगळवार, दुपारी ५:२५

.गिट नावाचं एक फोल्डर दिसतंय. त्यात हेड, कॉन्फिग, ऑब्जेक्ट्स हे सगळं आहे.

काळी_खिडकी, मंगळवार, दुपारी ५:२७

मग तो बेअर झालेलाच नाही, साधाच रेपो झालाय. पण साधा रेपो झाला तरी हेडचं, म्हणजे मुख्य ब्रँच कुठली ते सांगणाऱ्या फाइलीचं, असं का व्हावं? त्या .गिट मध्ये जाऊन कॅट हेड मारा आणि जे येईल ते अक्षर न् अक्षर लिहा.

वारणाकाठचा, मंगळवार, दुपारी ५:३३

रेफ: रेफ्स/हेड्स/अरे

म्हणजे ए, आर, ई. अरे असंच लिहिलंय. मी नाही टाकलं ताई, आईशप्पथ.

पाववडा, मंगळवार, दुपारी ५:३४

गिटला पण धक्का बसलाय तुमचा रेटचार्ट बघून. अरे!!

म्युनिकवाली, मंगळवार, दुपारी ५:५०

थांबा थांबा, कळलं मला, आणि मी इथे ऑफिसात एकटीच हसतेय. काळी_खिडकी, तुझी कालची पोस्ट परत बघ. तू दोन डॅश टाइप केलेस, पण तुझ्या फोनने नाहीतर ह्या साइटने ते जोडून एक लांब रेघ करून टाकली. ह्यांनी बघितलं एकच डॅश, म्हणून एकच टाकला.

एका डॅशने -बी हा वेगळाच ऑप्शन होतो, पहिल्या ब्रँचचं नाव काय ठेवायचं ते सांगणारा. आणि -बी ला चिकटून जे काही येईल ते नाव. एका डॅशच्या बेअरमधला बी गेला ऑप्शनला, उरलं ए आर ई. गिटने निमूट अरे नावाच्या ब्रँचचा साधा रेपो बनवून दिला, एका शब्दाने तक्रार न करता. गिट २.२८ च्या आधीचं असतं तर तिथेच ओरडलं असतं.

काळी_खिडकी, मंगळवार, संध्याकाळी ६:०४

अरे देवा. म्हणजे खरंच, अरे देवा. चूक माझी आहे, सॉरी वारणाकाठचा. इथून पुढे मी डॅश डॅश असं शब्दांतच लिहीन.

बेअर नसतानाही पुश कसं झालं हा प्रश्न पडला असेल तर सांगते. साध्या रेपोत जी ब्रँच उघडी असते तिच्यावर बाहेरून पुश करू देत नाही, रिफ्यूझिंग टू अपडेट चेक्ड आउट ब्रँच म्हणून दार लावतं. कारण सरळ आहे, तिथे कुणी फाइली उघडून बसलं असेल तर त्याच्या पायाखालची सतरंजीच ओढल्यासारखं होईल. पण तुमच्याकडे उघडी होती अरे, आणि तुम्ही पाठवली मेन. म्हणून गुपचूप आत घेतलं. मेहुण्याने क्लोन केल्यावर गिटने विचारलं मुख्य ब्रँच कुठली, उत्तर आलं अरे, आणि अरेवर एकही कमिट नाही. म्हणून रिकामं. त्याच्या फोल्डरात गिट ब्रँच -ए मारलं तर रिमोट्स/ओरिजिन/मेन दिसेल, म्हणजे माल आलेला आहे, फक्त मांडलेला नाही.

आता डेस्कटॉपवर गिट युजरने:
आरएम -आरएफ दूध.गिट
गिट इनिट डॅश डॅश बेअर दूध.गिट

आरएम फोल्डर कायमचं उडवतं, म्हणून त्याआधी पीडब्ल्यूडी (आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते सांगणारी कमांड) मारून आपण डेस्कटॉपवरच आहोत ना ते बघा, लॅपटॉपवर असलात तर हात जोडते. मग लॅपटॉपवरून परत गिट पुश -यू ओरिजिन मेन. रिमोट परत अॅड करायची गरज नाही, पत्ता तोच आहे.

जुनं_खोड, मंगळवार, संध्याकाळी ६:३०

काळी_खिडकी, तू परत त्याच खड्ड्यात नेतेयस त्यांना. उबुंटू २२.०४ वर गिट २.३४ आहे, आणि कॉन्फिग बदललं नसेल तर तिथे इनिट केलं की हेड मास्टरकडे बोट दाखवणार. हे पाठवणार मेन. म्हणजे दोन डॅश नीट दिले तरी क्लोन रिकामंच आलं असतं, फक्त अरेच्या जागी मास्टर. तुझी कालची कमांड तशीही अर्धीच होती.

योग्य कमांड अशी: गिट इनिट डॅश डॅश बेअर, मग एका डॅशचं बी, जागा, मेन, जागा, दूध.गिट. ज्या -बी ने घात केला तोच इथे हवाय, फक्त जागा सोडून.

आणि झाल्यावर शेवटी जी ओळ छापली जाते ती वाचायची सवय लावा. इनिशियलाइज्ड एम्प्टी गिट रिपॉझिटरी इन, आणि पुढे पत्ता. पत्ता दूध.गिट वर संपला तर बेअर. पुढे आणखी /.गिट आलं तर साधा. ही ओळ तेव्हाच वाचली असती तर आजचा दिवस वाचला असता. आधीच बनलेल्या बेअर रेपोचं नुसतं हेड चुकलं असेल तर पाडायची गरज नाही, आत जाऊन गिट सिंबॉलिक-रेफ हेड रेफ्स/हेड्स/मेन, एका ओळीत काम.

काळी_खिडकी, मंगळवार, संध्याकाळी ६:३६

मान्य, मान्य, दोन्ही कान पकडले. खोडकाकांची कमांड घ्या, माझी नको.

वारणाकाठचा, मंगळवार, रात्री ८:१९

झालं!!! ओळ वाचली, दूध.गिट वर संपली. पुश केलं, मेहुण्याने क्लोन केलं आणि २१२ फाइली आल्या. त्याने माझा रेटचार्ट बघितला आणि म्हणाला दाजी, म्हशीचा ७.० फॅटचा रकाना चुकलाय तुमचा. दुरुस्त करून त्यानेच पुश केलं, मी पुल केलं. आम्ही दोघं एकाच खोलीत बसलोय पण मजा आली.

एकच शंका. आता डेस्कटॉपवर जाऊन फाइली बघितल्या तर कोड दिसतच नाही, नुसती ऑब्जेक्ट्समध्ये आकडे-अक्षरांची फोल्डरं. बरोबर आहे ना हे?

काळी_खिडकी, मंगळवार, रात्री ८:३०

एकदम बरोबर. बेअर म्हणजे हेच. पोत्यात बांधून ठेवलेलं धान्य आहे ते, ताटात वाढलेलं नाही. बघायचंच असेल तर तिथे गिट लॉग मेन मारा, कमिट दिसतील.

म्युनिकवाली, मंगळवार, रात्री ९:१२

आता काही त्रासाच्या गोष्टी आत्ताच सांगते, म्हणजे परत धागा वर काढावा लागणार नाही.

लाईट गेली, राउटर परत चालू झाला की डेस्कटॉपचा आयपी बदलू शकतो. मग एके दिवशी पुश नुसतं लटकेल आणि तुम्ही गिटला शिव्या द्याल. राउटरच्या पानावर डेस्कटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा नंबर) देऊन तोच आयपी राखून ठेवा. बदललाच तर दोघांनी सेट-यूआरएल.

गिट युजरला पूर्ण शेल देऊ नका. सुडो सीएचएसएच करून त्याचं शेल गिट-शेल करा, मग त्या युजरने फक्त पुश-पुल होतं, कुणी लॉगिन करून आरएम -आरएफ मारू शकत नाही. पण हे दोघांच्या की बसल्यावर करा, नाहीतर एसएसएच-कॉपी-आयडी चालणार नाही. पुढे हेड वगैरे दुरुस्त करायचं असेल तर तुमच्या नेहमीच्या युजरने आत जाऊन सुडो वापरायचं.

आणि डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये आहे का? खरं सांगा.

वारणाकाठचा, मंगळवार, रात्री ९:२०

आहे. कॉन्फिगच्या फाइलमध्ये. पुश पण झालाय.

म्युनिकवाली, मंगळवार, रात्री ९:४१

तुमच्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर आहे तोवर आभाळ कोसळत नाही. पण सवय मोडा. आधीच्या नोकरीत एका सहकाऱ्याने टेस्टसाठी म्हणून एक रेपो उघडा ठेवला, त्यात क्लाउडची की होती, आणि सोमवारी सकाळी आम्ही सगळे चहा न पिता की बदलत बसलो होतो. लोक समजतात फाईल डिलीट करून कमिट केलं की गेली. नाही जात, जुन्या कमिटात तशीच असते, इतिहास ठेवणं हाच तर गिटचा धंदा आहे. म्हणून आधी पासवर्डच बदलायचा. मग गिट आरएम डॅश डॅश कॅश्ड ने ती फाईल गिटमधून काढा, तुमच्या डिस्कवर राहते ती, आणि तिचं नाव .गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) टाका. मेहुण्याने पुल केलं की त्याच्याकडची फाईल मात्र उडेल, त्याला आधी कॉपी काढून ठेवायला सांगा.

विदर्भाचा_वाघ, मंगळवार, रात्री १०:०३

सगळं झालं, पण डेस्कटॉपची डिस्क उडाली तर? जुना डबा हाय तो.

जुनं_खोड, बुधवार, सकाळी ७:५०

डिस्क उडाली तरी दोघांच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास आहे, नवा बेअर बनवून पुश केलं की काम चालू. मी ह्याच्या आधीच्या सिस्टिमांवर नोकरी केलीय, तिथे मधला सर्व्हर गेला की सगळे हात बांधून बसायचे. लिनक्सवाल्यांचं वेगळं झालं, २००२ पासून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) कोड एका कंपनीच्या बिटकीपर नावाच्या सिस्टिमवर होता, एप्रिल २००५ मध्ये फुकट वापराची सोय बंद झाली. लिनक्सच्या कर्त्या लिनस टोरवाल्ड्सने त्याच महिन्यात गिट लिहायला घेतलं, काही दिवसांत गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच होता. गिटमध्ये प्रत्येकाकडे अख्खी प्रत असते.

पण वाघ म्हणतो ते सोडू नका. ऑफिसला आग लागली, चोरी झाली, दोन लॅपटॉप आणि डेस्कटॉप एकाच खोलीत आहेत. महिन्यातून एकदा गिट बंडल क्रिएट दूध.बंडल डॅश डॅश ऑल मारा. सगळा इतिहास एका फाइलीत येतो, ती पेनड्राइव्हवर टाकून घरी कपाटात. त्या फाइलीवरून सरळ गिट क्लोन करता येतं.

वारणाकाठचा, बुधवार, सकाळी ८:१५

म्हणजे शेवटी पेनड्राइव्ह आलाच 😄 मेहुणा खूश होईल.

विदर्भाचा_वाघ, बुधवार, सकाळी ९:००

नाहीतर दोन रिमोट ठेवा न भाऊ. ओरिजिन डेस्कटॉपचा, दुसरा गिटहबवरचा प्रायव्हेट. एकाच पुशमध्ये दोन्हीकडे जाते. गिट रिमोट सेट-यूआरएल डॅश डॅश अॅड डॅश डॅश पुश ओरिजिन आणि पत्ता. पण दोन्ही पत्ते टाका, डेस्कटॉपचा पण परत टाका. नुसता नवीन टाकला तर पहिल्यावर पुश जायचंच बंद होते, मी फसलोय एकदा, तीन आठवडे सर्व्हर शिळा होता आणि मी खुशाल.

नांदेडकर_एफवाय, बुधवार, सकाळी ११:२२

माझं पण झालं सगळ्यांच्या कृपेने 🙏 फक्त मधे पुश रिजेक्टेड, फेच फर्स्ट आलं होतं, कारण रेपो बनवताना रीडमीवर टिक केली होती, म्हणून तिकडे आधीच एक कमिट होतं. गिट पुल डॅश डॅश रिबेस ओरिजिन मेन केलं आणि पुश गेलं. मित्र म्हणत होता डॅश डॅश फोर्स मार, म्हणजे तिकडचं पुसून आपलं चढव.

काळी_खिडकी, बुधवार, सकाळी ११:४०

त्या मित्राच्या हाती टीमचा रेपो देऊ नकोस.

वारणाकाठचा, बुधवार, रात्री ९:३५

पासवर्ड बदलला, आयपी राखला, गिट-शेल केलं. पहिलं बंडल ४ एमबीचं निघालं, मला वाटलेलं जीबीत जाईल. दूध_फायनल_खरं डिलीट केलं. दूध_फायनल_दाजी मेहुणा डिलीट करू देत नाही, म्हणतो असू दे.

सातारी_कंदी, सात महिन्यांनी, शनिवार, रात्री ११:५८

जुना धागा वर काढतोय, माफ करा. वरच्या सुरुवातीच्या पोस्टवरून सर्व्हर केला, खालचं वाचलंच नाही. पुश होतंय पण क्लोन रिकामं येतंय. काय चुकलं असेल?

पाववडा, रविवार, रात्री १२:०३

हेड फाईल उघडा आणि काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा

सातारी_कंदी, रविवार, रात्री १२:०९

अरे